नऊ गुंठ्यांतला एक

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याने, म्हणजे आजच्या रायगडाने, चिंतामणराव देशमुखांना लोकसभेत पाठवलं. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण बरंचसं रोह्यात गेलेलं, आणि तेव्हा ते देशाचे अर्थमंत्री. त्याच निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयाद्यांतून वगळावी लागली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. नोंद होती ती 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच. बहुतेक जणी उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. मताचा हक्क घटनेने दिला होता, पण कागदावर बाईचं नाव चढणं ही वेगळीच लढाई होती. जमिनीच्या बाबतीत तर ती अजून सरलेली नाही.

घटना समितीत १५ स्त्रिया होत्या. मुंबई प्रांतातून आलेल्या हंसा मेहतांनी १९ डिसेंबर १९४६ रोजी स्पष्टच सांगितलं की बायकांना राखीव जागा नकोत, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा. मद्रासकडून आलेल्या दुर्गाबाईंनी तर लहानपणीच लावून दिलेलं लग्न नाकारलं होतं, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला होता आणि नंतर वकिलीची परीक्षा दिली होती. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा चिंतामणरावांशी विवाह झाला. साक्षीदारांत पंडित नेहरू होते. त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई झाल्या.

खरी अडवणूक झाली ती वारसाहक्कावर. डिसेंबर १९२७ मध्ये याच जिल्ह्यात, महाडला, मनुस्मृतीचं दहन झालं आणि त्या परिषदेला आलेल्या बायकांशी डॉ. आंबेडकर स्वतंत्रपणे बोलले. पुढे कायदामंत्री म्हणून त्यांनी स्त्रियांना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल लावून धरलं. ते रखडवलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल ठळक होतं. स्त्रियांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारा दुसरा नेता आपल्या इतिहासात शोधून सापडणं कठीण.

बिलाचे तुकडे करून ते १९५५-५६ मध्ये मंजूर झाले. वारसा कायदा १९५६ चा. त्यात मुलगी वारस ठरली, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्माने मिळणारा हिस्सा मुलग्यांकडेच राहिला. हिशेब असा: बाप, दोन मुलगे, एक मुलगी, आई आधीच वारलेली, जमीन नऊ गुंठे. बाप गेला की आधी बाप आणि मुलगे यांचे तीन-तीन गुंठे कल्पायचे, मग बापाचे तीन गुंठे तिघा भावंडांत वाटायचे. मुलग्यांना चार-चार, मुलीला एक. राहत्या घराची वाटणी मागायची तर तेही भावांनी आधी मागितल्याशिवाय नाही.

जन्माने मिळणाऱ्या हिश्शाचा हा नियम महाराष्ट्राने १९९४ मध्ये बदलला, मात्र आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लेकीला लेकाइतकाच हिस्सा दिला. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने द्यायला ऑगस्ट २०२० उजाडलं.

कायदा पुरा झाला. गावात मात्र त्याला 'हक्कसोड' आडवी येते. बापाच्या दिवसकार्याला बहिणी जमतात, वारसनोंदीचा विषय निघतो आणि माहेर तुटू नये म्हणून सही होते. पेण-रोह्यासारख्या तालुक्यांत त्या सहीची किंमत मोठी आहे. रोह्याजवळच्या धाटावला औद्योगिक वसाहत आली. पेण तालुक्यातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. मोबदला असो की कौल, आधी विचारणा होते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची.

बहिणीचा हक्क तोंडी सोडल्याने जात नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि तिथे तिची स्वतःची सही लागते. ती झाली नसेल तर वारस म्हणून तिचा हिस्सा कायम असतो, आणि तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज तिला आजही करता येतो.