पलीकडे वाचणारा कोणी हवा

आमच्या समाजाच्या विश्वस्त मंडळापुढे यंदा एक प्रस्ताव आला आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील एका प्राथमिक शाळेस ‘डिजिटल वर्ग’ भेट द्यावा, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावावी आणि परदेशातील एखाद्या शाळेशी तिचा संपर्क जोडून द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. हेतू उत्तम आहे. तथापि, आयुष्य बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेल्यामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा : रक्कम नेमकी कशावर खर्च होणार आणि तिचे फळ कोणाच्या पदरी पडणार?

प्रश्नास कारणही आहे. नोकरीत असताना याच किनारपट्टीवरील एका शाळेत मी समारंभानिमित्त गेलो होतो. देणगीतून आलेले संगणक एका कुलूपबंद खोलीत कापडाखाली झाकून ठेवलेले होते. वीजबिलाची तरतूद नव्हती आणि ज्या शिक्षकांना ते चालवता येत, त्यांची बदली झाली होती. पाटीवरील नाव मात्र लख्ख वाचता येत होते. यंत्रे बिघडलेली नव्हती. त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यायचे, हेच कोणी ठरवले नव्हते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाची लहानशी वस्ती आहे. रणजितसिंह डिसले २००९ साली तेथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती आणि तिच्या एका बाजूस गुरांचा गोठा होता. मुलांच्या घरची भाषा कन्नड, पुस्तकाची भाषा वेगळी. डिसले गुरुजी प्रथम कन्नड शिकले, मग त्यांनी धडे त्या भाषेत उतरवले आणि पुस्तकावर क्यूआर कोड छापून कविता, गोष्टी व स्वाध्याय मुलांच्या कानाडोळ्यांपर्यंत पोहोचवले. पुढे राज्याने ही पद्धत आपल्या पाठ्यपुस्तकांत स्वीकारली. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या त्यांच्या उपक्रमात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांविषयी संशय बाळगणाऱ्या देशांतील मुलांच्या जोड्या लावून सहा आठवडे संवाद घडवला जातो. २०२० पर्यंत आठ देशांतील सुमारे १९ हजार विद्यार्थी त्यात सहभागी झाले होते. त्याच वर्षी त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या कथेतील क्रम आपण ध्यानी घ्यावा. आधी मुलाची भाषा, मग पुस्तक, त्यानंतर यंत्र आणि शेवटी परदेश. आपण बहुधा हा क्रम उलटा लावतो.

व्यापारी घराण्यांस हे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या आजोबांच्या पिढीत अनेकांचे शिक्षण चौथीपलीकडे गेले नव्हते. तरीही मुंबईच्या पेढीस ते जे पत्र लिहीत, त्यात भाव, आवक आणि येणे यांबाबत एका शब्दाचीही गफलत नसे. कारण पलीकडे ते पत्र वाचून त्यावर पैसा लावणारा माणूस बसलेला असे. हुंडीस मोल येते ते तिच्या कागदामुळे नव्हे, दुसऱ्या गावी ती सकारणारा कोणी असतो म्हणून. शाळकरी मुलाच्या निबंधास असा वाचक नसतो. गुरुजी लाल शाईने खूण करतात आणि वही मिटते. दुसऱ्या देशातील शाळा त्याला असा वाचक मिळवून देते.

काम मोठे नाही. महिन्यास एक पत्र पुरे. मुलाने ते आधी मराठीत लिहावे, वर्गात मोठ्याने वाचावे आणि मित्राला जे कळले नाही ते सुधारावे. हे साक्षरतेचे काम झाले. मग ते देवनागरीत टंकित करावे, आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि चित्र जोडून पाठवावे. हे संगणकाचे काम झाले. शेवटी चार ओळी इंग्रजीत लिहाव्यात आणि आलेले उत्तर शब्दकोशाच्या आधारे लावावे, म्हणजे भाषेचे कामही झाले. इंग्लंडमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच व उन्हाळ्यात दीड वाजलेले असतात. म्हणून तेथील वर्गाशी समोरासमोर बोलता येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असल्याने तेथे पत्रव्यवहारच सोयीचा. खाते शाळेच्या नावे असावे. मुलाचा पत्ता वा दूरध्वनी क्रमांक कधीही पाठवू नये आणि छायाचित्र पालकांच्या संमतीनेच द्यावे.

पायाची निकडही मोठी आहे. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात. ज्याला स्वतःचे पत्र वाचता येत नाही, त्याला परदेशी मित्र काय कामाचा?

लिहायला विषय मात्र आपल्या किनाऱ्यावर भरपूर आहेत. ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा किल्ला आहे. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजपासून घडलेली बोली घराघरांत बोलली जाते. तेथील मूल पोर्तुगालच्या मुलास आपले शब्द पाठवू शकेल. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायली कुटुंबांचे पूर्वज याच गावांतले. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मराठी शाळा भरतात. तेथील मुलांशी तर जोडी मराठीतच जमेल. पंधराव्या शतकात त्वेरचा एक व्यापारी, अफानासी निकितिन, चौल बंदरात उतरला. त्याने पाहिलेले लिहून ठेवले, म्हणून आज रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. त्याने कोणता माल विकला, हे फारसे कोणास आठवत नाही.

मंडळाच्या पुढील सभेत मी एवढेच सुचवणार आहे : वर्ग अवश्य द्यावा, पण पडदा लहान घ्यावा. वाचलेल्या रकमेतून तीन वर्षांचे वीजबिल व इंटरनेट, दोन शिक्षकांचे प्रशिक्षण (म्हणजे एकाची बदली झाली तरी काम थांबणार नाही) आणि शंभर मराठी गोष्टींची पुस्तके यांची तरतूद करावी. दरवर्षी हिशेबासोबत मुलांनी पाठवलेली पत्रे आणि त्यांना आलेली उत्तरे मंडळापुढे ठेवावीत. ती वाचून जमा-खर्च जुळतो की नाही, ते आपल्याला सहज कळेल. पाटीची घाई नसावी.