मोटारीस टर्बोचार्जर कसा निवडावा

विस्तवास वारा घातला कीं तो फुलतो, हें लोहाराच्या भात्यापासून घरच्या शेगडीपर्यंत सर्वांच्या परिचयाचें आहे. मोटारीच्या एंजिनांतही हाच नियम चालतो. पेट्रोल हवें तितकें ओततां येईल. परंतु तें नीट जळण्यास त्याच्या सुमारें चौदापट वजनाची हवा लागते. एंजिन जेवढी हवा ओढूं शकेल, तेवढेंच त्याचें सामर्थ्य. ही हवा दाबून आंत घालणारें यंत्र म्हणजे टर्बोचार्जर. एंजिनांतून फुकट बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंनीं एक चक्र फिरतें, व त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनास पुरवितें. आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस एंजिनियरनें १९०५ सालीं ह्या कल्पनेचें पेटंट घेतलें. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्डस्मोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर ह्या मोटारींच्या द्वारें तें सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं आलें.

महाराष्ट्रांतील उदाहरण पाहावयाचें तर पुणें जिल्ह्यांतील रांजणगांव येथें तयार होणाऱ्या टाटांच्या नेक्सॉन मोटारीचें घेतां येईल. तिचें पेट्रोल एंजिन १,१९९ घन सेंटिमीटरचें. त्याच कारखानदारांच्या टियागो मोटारींतील एंजिनही तेवढ्याच मापाचें. परंतु टियागोस टर्बो नसल्यामुळें तिची शक्ति सुमारें ८५ अश्वशक्ति, तर टर्बोमुळें नेक्सॉनची सुमारें १२०. हा फरक पाहून अंधेरी-बोरिवलीकडील एखाद्या हौशी तरुणास मोह पडतो, कीं बाजारांतून एक टर्बो आणावा आणि आपल्याही मोटारीस जोडावा. येथेंच विचाराची गरज आहे.

पहिला प्रश्न असा, कीं हवा किती हवी? गणित शाळकरी आहे. चार ठोक्यांचें एंजिन दोन फेऱ्यांत एकदां आपल्या मापाइतकी हवा घेतें. तेव्हां १,२०० घन सेंटिमीटरचें एंजिन मिनिटास ६,००० फेऱ्यांच्या वेगानें सुमारें ३,६०० लिटर, म्हणजे वजनानें सुमारें ४ किलो हवा घेईल. मिनिटास एक किलो हवा म्हणजे ढोबळ मानानें वीस-बावीस अश्वशक्ति. १२० अश्वशक्ति हवी असेल तर साडेपांच किलोंची सोय पाहिजे, आणि त्यासाठीं बाहेरच्या हवेच्या सुमारें दीडपट दाब लागेल.

हे दोन आंकडे, हवेचें वजन व दाबाचें प्रमाण, हातीं आल्यावर कारखानदारानें प्रसिद्ध केलेला त्या टर्बोचा नकाशा उघडावा. नकाशाच्या डाव्या सीमेपलीकडे हवा उलट उसळते व दांड्यास हादरे बसतात. उजव्या सीमेपलीकडे चक्र गुदमरतें. दोहोंच्या मध्यें उत्तम कार्यक्षमतेचें क्षेत्र असतें. एंजिनाचें नेहमींचें काम तेथें पडावें. मुंबईच्या ३५ अंशांच्या उन्हाळ्यांत दीडपट दाबलेली हवा, यंत्र शेंकडा सत्तर कार्यक्षम असलें तरी, जवळजवळ ९० अंशांपर्यंत तापते. म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर हा अलंकार नव्हे, आवश्यक अवयव होय.

दुसरा प्रश्न आकाराचा. तप्त वायूंच्या चक्राभोंवतीं शंखाकृति कवच असतें. तें लहान असेल तर टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या वेगांत वायूंची वाट अडते. मोठें असेल तर वरच्या वेगांत शक्ति भरपूर, परंतु खालीं तो निजून राहतो. पश्चिम द्रुतगती मार्गावर मालाडपासून अंधेरीपर्यंत सायंकाळीं रांगेंत सरकणारी मोटार दोन हजार फेऱ्यांच्या वर क्वचितच जाते. तिला शर्यतीचा मोठा टर्बो बसविणें म्हणजे पाटल्या घडवून तिजोरींत ठेवण्यासारखें आहे.

तिसरा प्रश्न एंजिनाच्या सहनशक्तीचा. टर्बोविना चालण्यासाठीं घडविलेल्या एंजिनांत मिश्रण आधींच पुष्कळ दाबलें जातें. त्यांत आणखी दाब पडला तर पेट्रोल वेळेपूर्वींच भडकतें, ठोके बसतात, आणि पिस्टन फुटण्यास फार वेळ लागत नाहीं. म्हणून पेट्रोलचा पुरवठा, ठिणगीची वेळ व तिचें नियंत्रण करणारा संगणक हीं सर्व बदलावीं लागतात. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याचा जीव स्वच्छ तेलावर अवलंबून असतो. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत स्वस्त टर्बो मिळेल, परंतु दांडा हातानें हलवून पाहावा. तो कवचास घासत असेल, किंवा नळ्यांत तेल दिसत असेल, तर तो भंगारच समजावा.

ह्या सर्वांहून मोठा प्रश्न कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें असा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. मोटार अंधेरीच्या कार्यालयांत नोंदलेली असो वा बोरिवलीच्या, नियम एकच. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही निराळाच उभा राहतो. आणि ज्या ब्रेकांनीं व चाकांनीं ८५ अश्वशक्ति आवरावयाची, त्यांवर १२० चा भार पडतो तो बसणाऱ्यांच्या जिवावर.

तेव्हां ज्यास रस्त्यावर वेग हवा, त्यानें कारखान्यांतूनच टर्बो घेऊन आलेली मोटार घ्यावी. स्वतःच्या हातानें बसविलेल्या टर्बोची जागा बंदिस्त शर्यतीच्या मार्गावर आहे, आणि कोइमतूर व चेन्नईजवळ असे मार्ग आहेत. तेथें जाणाऱ्यानें मात्र वरील गणित कागदावर मांडल्याखेरीज खिशांत हात घालूं नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण एंजिनासही लागू आहे.