बिऱ्हाड कोठे करावे?

मुंबईत स्वस्त वस्ती म्हणून ओळखला जाणारा प्रदेश एका ठिकाणी फार काळ कधीच टिकलेला नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेगने जो संहार आरंभिला, त्याच्या धास्तीने सरकारने १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला, आणि त्या ट्रस्टाने दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील शेते आणि दलदलीच्या जमिनी ताब्यात घेऊन तेथे रुंद रस्ते व भूखंड आखले, तेव्हा गिरगावातील दाट वस्तीत वाढलेल्या कुटुंबाला दादरला बिऱ्हाड नेणे म्हणजे शहराबाहेर राहावयास जाण्यासारखेच होते. आज त्याच दादरात नोकरदार माणसाने नवे घर घेण्याचा विचारही मनात आणू नये, अशी परिस्थिती आहे. दादरनंतर पार्ले, पार्ल्यानंतर मुलुंड आणि ठाणे, त्यानंतर डोंबिवली, आणि अलीकडे बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार असा हा प्रदेश रुळांच्या कडेकडेने उत्तरेला व ईशान्येला सरकत गेला आहे, आणि ज्याला ज्या काळी मुंबईत घर शोधावे लागले, त्याला त्या काळच्या सीमेवर जाऊन ते शोधावे लागले.

घर शोधावयास निघालेला मनुष्य दलालाला पहिला प्रश्न विचारतो तो ‘भाडे किती?’ हा. माझ्या मते त्याच्या पाठोपाठ ‘इतके कमी का?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर दलालाकडून नव्हे, तर अन्य मार्गांनी मिळवले पाहिजे. मालकाच्या औदार्यामुळे जागा स्वस्त होत नसते. कोठे अंतर, कोठे पाणी, कोठे दुर्गंधी, कोठे इमारतीच्या दस्तऐवजातील वैगुण्य, असे काही ना काही कारण त्या कमी भाड्यामागे असते. आणि यातील काही कारणे आपल्याला सुसह्य असतात, तर काही घातक. परवडणारी वस्ती शोधणे म्हणजे ज्या कारणाचा आपल्याला फारसा उपद्रव नाही अशा कारणाने स्वस्त झालेली वस्ती शोधणे होय.

खुद्द जुन्या शहरातही अत्यल्प भाड्याच्या जागा आहेत, हे ऐकून नवागताच्या मनात आशा उत्पन्न होते. पण ती व्यर्थ आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यांना १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले, आणि युद्धोत्तर महागाईतून भाडेकरूचे संरक्षण करण्याचा त्यामागचा हेतू सफलही झाला. परंतु ज्या इमारतीचे उत्पन्न तिच्या जिन्याच्या दुरुस्तीलाही पुरत नाही, ती इमारत मालकाने वाऱ्यावर सोडावी, आणि नवा भाडेकरू घेताना भाड्याऐवजी एकरकमी पागडी मागावी, हा त्या कायद्याचा अपरिहार्य परिणाम ठरला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला उघड मान्यता दिली. तेव्हा लालबागेत किंवा ठाकुरद्वारी कोणी आजही नाममात्र भाडे भरीत असेल, तर ते त्याच्या आजोबांच्या काळचे संचित आहे. बाहेरून येणाऱ्याला त्या खोलीत शिरावयाचे तर लाखांची पागडी मोजावी लागते, आणि ती मोजूनही पदरी पडते ती मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त चाळीतील जागा.

त्यापेक्षा शहराच्या हद्दीतच राहू इच्छिणाऱ्याने जुन्या हाउसिंग बोर्डाच्या, म्हणजे आजच्या म्हाडाच्या, वसाहतींकडे प्रथम पाहावे, असे मला वाटते. विक्रोळीचे कन्नमवार नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर, चेंबूरचे टिळक नगर, घाटकोपरचे पंत नगर या वसाहती कामगार व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसविल्या गेल्या. तेथील मूळच्या इमारतींना उद्वाहन नाही, खोल्या लहान आहेत, आणि अनेकींच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असल्याने मालक दीर्घ मुदतीचा शब्द देत नाहीत. भाडे कमी असण्याची ही कारणे म्हाताऱ्या माणसाला जाचक, पण नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला सहज सोसण्याजोगी आहेत. आणि त्याच्या मोबदल्यात शाळा, भाजीबाजार, दवाखाना व स्टेशन ही सारी आधीच रुळलेली मिळतात. म्हाडाच्या व सिडकोच्या सोडतीत अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांत अर्ज अवश्य करावा. मात्र सोडत लागेलच असे गृहीत धरून आयुष्याची आखणी करू नये.

बहुसंख्यांच्या वाट्याला अखेर रेल्वेच येते, आणि येथे नकाशावरील किलोमीटर फार फसवे ठरतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर, बदलापूर ६८ वर आणि चर्चगेटपासून विरार ६० वर आहे. पण कल्याणला मार्गाला कर्जत व कसारा अशा दोन शाखा फुटतात आणि प्रत्येक शाखेच्या वाट्याला गाड्या कमी येतात, म्हणून कल्याणच्या अलीकडचे एक स्टेशन व पलीकडचे एक स्टेशन यांतील खरे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही. एखादी लोकल चुकली तर पुढची किती मिनिटांनी, हे विचारावे. आपल्या स्टेशनातून गाडी सुटते की भरून येते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसावयास मिळण्याची आशा तरी असते. दिव्याला थांबणाऱ्या जलद गाडीत सकाळी पाय ठेवावयास जागा मिळणे हाच पराक्रम असतो, आणि दिव्याची भाडी आसपासच्या मानाने कमी असण्याच्या कारणांत या पराक्रमाची गणना केली पाहिजे. पुष्कळजण आधी उलट दिशेने एक-दोन स्टेशने मागे जाऊन तेथून बसून येतात. त्यांचा तो वेळही हिशेबात धरावा लागतो.

हा हिशेब कागदावर मांडण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. समजा, ठाण्यापेक्षा बदलापुरात दोन खोल्यांचे भाडे दरमहा आठ हजारांनी कमी पडते, आणि घरात कमावती माणसे दोन आहेत. मासिक पासात पडणारा फरक किरकोळ असतो, कारण रेल्वेचा पास हीच या महानगरातील खरी स्वस्त वस्तू आहे. पण स्टेशनपासून घर दूर असल्यामुळे शेअर रिक्षाला दोघांचे मिळून दिवसाला ऐंशी रुपये गेले, तर पंचवीस दिवसांचे दोन हजार झाले. टँकरचे पाणी घेणाऱ्या सोसायटीत देखभालीचा खर्च मालकाने भाडेकरूच्या माथी मारला, तर आणखी काही गेले. एवढे वजा जाता उरलेल्या रकमेसाठी, समजा, प्रत्येकाला रोज दीड तास अधिक प्रवास करावा लागतो. म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला पंचाहत्तर तास, आठ तासांच्या कामाचे नऊ दिवस भरून वर काही उरते. ही किंमत देण्यासारखी नाही असे मी म्हणत नाही. ज्याला मुलांच्या फीसाठी ते पाचसहा हजार हवेच आहेत, त्याला तसे सांगण्याचा अधिकार कोणास आहे? परंतु तो व्यवहार डोळे उघडे ठेवून झाला पाहिजे.

आता अशा एका कारणाकडे वळतो की जे भाडेकरूला सुसह्य आणि खरेदीदाराला घातक असते. नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, तळवली अशा मूळ गावांच्या अवतीभोवती दाटीवाटीने उभ्या असलेल्या इमारती स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर असून रस्त्यापलीकडच्या सिडकोने आखलेल्या सेक्टरांहून स्वस्त का, तर त्यांतील पुष्कळशा, जमिनी संपादित झालेल्या ग्रामस्थांनी गरजेपोटी, रीतसर परवानगीवाचून बांधल्या आहेत. इमारत भक्कम असेल, पाणी व वीज नियमित असेल आणि शेजार चांगला असेल, तर वर्षभर राहावयास येणाऱ्याचे येथे फारसे अडत नाही. तीच जागा विकत घेणाऱ्याला मात्र गृहकर्ज मिळण्यापासून ताबा टिकण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर ठेच लागण्याचा संभव असतो. शिळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेल्या बेकायदा इमारतीत चौऱ्याहत्तर माणसे दगावली, त्यांत बांधकाम चालू असतानाच स्वस्त भाड्यामुळे राहावयास आलेली कुटुंबे होती. तेव्हा भक्कमपणाची अट भाडेकरूनेही सोडता कामा नये. कल्याण-डोंबिवलीत ज्या पासष्ट इमारतींनी खोट्या कागदपत्रांच्या आधारे रेराचा नोंदणी क्रमांक मिळविला, त्यांतील सदनिका घेणाऱ्यांनी आपल्या समजुतीने सारी खबरदारी घेतली होती. म्हणून विकत घेणाऱ्याने नोंदणी क्रमांकावर न थांबता बांधकाम परवानगीची प्रत महापालिकेतून पडताळून घ्यावी, भोगवटा प्रमाणपत्र मागावे आणि जमिनीचा सातबारा वा मिळकत पत्रिका स्वतः काढून पाहावी.

भाड्याच्या कागदाबाबतही एक गैरसमज सार्वत्रिक आहे. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणीची जरूर नाही, असे दलाल छातीठोकपणे सांगतात; महाराष्ट्रात ते खरे नाही. येथील भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर वाद उद्भवल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे मानले जाते. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे क्षुल्लक असते. एवढ्या क्षुल्लक खर्चाला टाळाटाळ करणारा मालक अनामत रक्कम परत करताना कसा वागेल, याचा अंदाज तेथेच बांधावा.

पाण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो: नळाला किती येते आणि पावसात दारात किती येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी कुर्ला, कलिना या भागांतील तळमजल्यांचे काय झाले हे तेथील वाणी अजून सांगतो. आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली, तेव्हा बदलापुरातील नदीकाठच्या वसाहतींतही पाणी शिरले होते. जागा पाहताना भिंतीच्या खालच्या भागालाच तेवढा नवा रंग दिलेला दिसला, तर तो का दिला हे विचारावे. उत्तर मालकाकडून न घेता समोरच्या दुकानदाराकडून घ्यावे. त्याला दलाली मिळावयाची नसते.

या साऱ्या विवेचनात एक गोष्ट सोयीस्करपणे दृष्टीआड होते. वरील निवड प्रत्येकाला उपलब्ध नसते. मुसलमान कुटुंब, दलित कुटुंब, एकटी राहणारी स्त्री, अविवाहित तरुण, मांसाहारी माणूस यांना कित्येक इमारतींत कोणतेही कारण न देता नकार मिळतो, किंवा आडनाव ऐकताच जागा ‘आत्ताच गेलेली’ असते. परिणामी त्यांना थोड्याच वस्त्यांत, आणि तेथील मागणीमुळे वाढलेल्या भाड्याने, राहावे लागते. कोणत्याही करारनाम्यात न लिहिलेला हा अधिभार मुंबईसारख्या, स्वतःला सर्वांचे शहर म्हणवून घेणाऱ्या नगरीला लाजिरवाणा आहे. आणि सोसायटीच्या सभेत गप्प बसणारे आपण सुशिक्षित लोक त्याला जबाबदार आहोत.

उरला प्रश्न भवितव्याचा. नवी रेल्वे वा मेट्रो येणार म्हटले की जमिनीचे भाव गाडी धावण्याची वाट पाहत नाहीत, ते घोषणेबरोबरच चढतात. उलव्यात पुष्कळांनी रेल्वे येणार म्हणून घरे घेतली. खारकोपरपर्यंत लोकल आली ती २०१८ च्या अखेरीस, आणि तीच वाट उरणपर्यंत पोचावयास जानेवारी २०२४ उजाडले. खरेदीदाराने गाडीचे मोल पहिल्याच दिवशी चुकते करून मग वर्षानुवर्षे रिक्षाने प्रवास करावयाचा, आणि भाडेकरूने मात्र गाडी प्रत्यक्ष येईपर्यंत गाडीविना गावाचेच भाडे द्यावयाचे, असा हा विलक्षण न्याय आहे. म्हणून जेथे मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत पण डबे दिसत नाहीत, तेथे घर विकत न घेता आधी भाड्याने राहून पाहणे अधिक शहाणपणाचे. जागा पाहावयास जावे ते जुलै महिन्यात, सकाळी आठच्या सुमारास: शाळा सुरू होण्यापूर्वीची बिऱ्हाडांची घाई तोवर ओसरलेली असते, गच्चीतील गळती आणि गल्लीतील पाणी झाकता येत नाही, आणि स्टेशनावरची गर्दी ऐन भरात असते.