रोबोंची मॅच लाइव्ह दाखवायची तर…

२००८ साली पुण्यात ‘एबीयू रोबोकॉन’ झाली, तेव्हा विषय होता गोविंदा. देशोदेशीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी दहीहंडीवर यंत्रं बनवून आणली होती. ती स्पर्धाच मुळी आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची आणि भारतातली फेरी भरवणारं दूरदर्शन, त्यामुळे कॅमेऱ्यांची वाण नव्हती. शाळकरी स्पर्धांचं तसं नसतं. तिथे ‘लाइव्हचं तेवढं तू बघ’ म्हणत आयोजक ते काम एखाद्या हौशी शिक्षकाच्या गळ्यात मारतात. पुढचं त्या शिक्षकासाठी. उदाहरण घेतलंय ‘फर्स्ट टेक चॅलेंज’चं, कारण ही स्पर्धा भारतातही होते आणि तिचा साचा ठरलेला आहे.

बघणारे कोण?

आईबाबा आणि आजीआजोबा तर असतातच. पण सगळ्यात बारकाईने बघतात ते दुसऱ्या संघातले विद्यार्थी. कुणाचा रोबो सुरुवातीच्या ३० सेकंदांत आपोआप काय करतो, पुढच्या दोन मिनिटांत ड्रायव्हर कुठे अडखळतात, हे ते टिपून ठेवतात, कारण बाद फेरीसाठी जोडीदार त्यावरूनच निवडायचे असतात. एकाच रोबोचा क्लोज-अप त्यांच्या काही कामाचा नाही. मैदानावर दोन आघाड्यांचे मिळून चार रोबो असतात आणि ते चारही सतत दिसायला हवेत. माझ्या मते निम्मी लाइव्ह प्रक्षेपणं इथेच फसतात: कॅमेरामन हौसेने झूम करतो आणि गुण भलत्याच कोपऱ्यात होतो.

कॅमेरा

मैदान १२ फूट बाय १२ फूट. लाल आणि निळ्या आघाडीचे ड्रायव्हर सहसा समोरासमोरच्या दोन बाजूंना उभे असतात, तिथून कॅमेऱ्याला फक्त पाठी दिसतील. प्रेक्षकांच्या बाजूला उंच स्टँडवर, माणसांच्या डोक्यांवरून खाली बघणारा एक कॅमेरा पक्का लावा. चारही कडा फ्रेममध्ये घ्या आणि मग त्याला हात लावू नका. दुसरा कॅमेरा असला तर तो चेहऱ्यांसाठी, दोन मॅचच्या मधल्या वेळेत.

ऑटो-फोकस आणि ऑटो-एक्सपोजर बंद करा, नाहीतर पंच मध्ये आला की चित्र धूसर होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. नाहीतर हॉलमधले दिवे पडद्यावर लुकलुकतात. कॅमेरा बॅटरीवर नको, अडॅप्टरवर चालवा. एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा देते. अंतर जास्त असेल तर एसडीआय घ्या.

आवाज

चित्र थोडं खराब असलं तर लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज मात्र कुणी सहन करत नाही. कॅमेऱ्याच्या माइकला हॉलचा नुसता गोंगाट मिळतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळी लाइन मागून घ्या आणि त्याच्याशी आदल्या दिवशीच बोला, ऐनवेळी तो सापडत नाही. दोन मॅचच्या मधे डीजे सिनेमाची गाणी लावतो, ती लाइव्हमध्ये जाऊ देऊ नका. कॉपीराइटच्या दाव्यावरून प्रक्षेपण मध्येच बंद पडू शकतं.

इंटरनेट

हॉलच्या वायफायवर विसंबू नका. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये ते झकास चालतं, दुपारी शेकडो फोन आले की मान टाकतं. शिवाय रोबोही वायफायवरच चालतात, त्या गर्दीत आपण भर घालायला नको. सरळ लॅन केबल ओढा. बघायचा असतो तो अपलोडचा वेग. ७२० पिक्सेलला सेकंदाला ४ मेगाबिट पुरतात, पण लाइन त्याच्या दुप्पट हवी. या वेगाने आठ तासांत साडेचौदा जीबीच्या आसपास डेटा जातो, हे मोबाइल हॉटस्पॉटवाल्यांनी ध्यानात ठेवावं. राउटरला यूपीएस लावा.

प्रक्षेपण यूट्यूबवर करणार असाल तर चॅनेल आधीच उघडा; नवीन चॅनेलला लाइव्हची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात.

स्कोअर

ओबीएस स्टुडिओ हे फुकटचं सॉफ्टवेअर या कामाला पुरून उरतं. स्पर्धेच्या गुण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्कोअरपट्टी हिरव्या पार्श्वभूमीवर मिळते. तो हिरवा रंग ओबीएसमध्ये उडवला की पट्टी चित्रावर बसते. ती मैदानाच्या कडेवर आली तर बघणारा वैतागतो, म्हणून जागा आधीच ठरवा.

परवानगी आणि पंच

मुलं अल्पवयीन आहेत. नोंदणीच्या वेळीच पालकांची लेखी संमती घ्या आणि लाइव्ह चॅटवर एक मोठं माणूस बसवा. मॅच हरलेला संघ रेकॉर्डिंग घेऊन पंचांकडे धावतो. त्याला आधीच सांगून ठेवा की या स्पर्धेत पंच व्हिडिओ बघून निर्णय बदलत नाहीत.

नंतर

प्रक्षेपण १२ तासांच्या आत संपलं तर यूट्यूब ते आपोआप साठवतं. त्याच रात्री वर्णनात प्रत्येक मॅचचा क्रमांक आणि सुरू झाल्याची वेळ टाका, पहिली नोंद ०:०० पासून. तेवढं केलं की हवी ती मॅच एका टिचकीत उघडते आणि ‘सर, आमची मॅच कुठे आहे?’ असे फोन येत नाहीत.