कोप की कारण? किल्लारीचा धडा

माणसाची जगाकडे पाहण्याची दृष्टी परंपरागत श्रद्धा, तत्त्वज्ञान आणि विज्ञान या तिघांतून घडते. आम्हा मराठवाडावासीयांना या तिघांची कसोटी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे पाहावी लागली. गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना भूकंपाने किल्लारी व सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. हजारो माणसे झोपेतच गेली.

‘देवाचा कोप झाला,’ असे श्रद्धेने सांगितले. या उत्तराने काहींना धीर मिळाला असेल. परंतु मृतांच्या माथी नकळत पापही लागले. विज्ञानाने पडलेली घरे तपासली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे यांखाली बहुतेक बळी गेले होते. उन्हाळ्यात गारवा देणारे वाडवडिलांचे शहाणपण त्या रात्री घातक ठरले. विज्ञानाचाही अंदाज चुकला होता : हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. पुढे 2002 मध्ये तो नकाशा सुधारण्यात आला.

केवळ परंपरेने, ग्रंथाने वा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले. कारण असेल तर कार्य घडते, कारण दूर केल्यास दुःख टळते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा बोध आहे. भूकंप थांबवता येत नाही. घर मात्र भक्कम बांधता येते.

नांदेड परिसरात भूगर्भातील गूढ आवाजांनी लोक अनेकदा घराबाहेर धावले आहेत. अशा वेळी आमच्या विद्यार्थ्याने ‘हे कशामुळे घडले आणि आता काय करावे?’ असे विचारावे. शिक्षणाचे सार्थक आम्ही त्यातच मानतो.