अन्नातील जंतूचा माग

वारज्यातील एका घरी रविवारी कोंबडीचा रस्सा झाला, अशी कल्पना करा. ज्या सुरीने कच्चे मांस कापले, तीच नुसती पाण्याने विसळून कोशिंबिरीची काकडी चिरली गेली. तीन दिवसांनी घरातल्या दोघांना जुलाब सुरू झाले. आता दोष कोणाचा? कोंबडीचा, काकडीचा की पिण्याच्या पाण्याचा?

असाच प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात खरोखर उभा राहिला. वारज्याहून मुठा ओलांडली की सिंहगड रस्त्याचा भाग लागतो. तिकडे धायरी, किरकटवाडी, नांदेड या गावांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतील बळ जाते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो आणि अर्धवट शिजलेल्या मांसातून किंवा दूषित पाण्यातून आपल्या पोटात शिरतो. त्याच्या काही वाणांच्या आवरणावरील शर्करा आपल्या मज्जातंतूंवरील शर्करेसारखी असते. म्हणून शरीराची फसगत होते.

पण हाच जिवाणू रुग्णातही सापडला आणि कोंबडीतही, एवढ्यावरून कोंबडी दोषी ठरते का? नाही! आडनाव सारखे असले म्हणजे माणसे एकाच घरातली असतात असे नाही. जर्मनीत २०११ साली ई. कोलाय या जिवाणूच्या एका घातक वाणाने सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. आळ आधी स्पेनच्या काकड्यांवर आला, कारण त्यांवर ई. कोलाय सापडला होता. शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. पुढे कळले की काकडीवरचा वाण निराळाच होता! कोणी कुठे काय खाल्ले याचा कसून शोध घेतल्यावर संशय मोड आणलेल्या मेथीवर स्थिरावला.

वाण ओळखण्याची आजची सर्वांत बारीक रीत म्हणजे जीनोमचे वाचन. डीएनएमधील मजकूर ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. कँपिलोबॅक्टर जेजुनीचा संपूर्ण मजकूर प्रथम २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १६ लाख ४१ हजार अक्षरे आहेत. प्रयोगशाळेत अन्नातले जिवाणू वाढवून त्यांचा डीएनए वेगळा काढतात. यंत्र त्याचे लहान लहान तुकडे वाचते आणि संगणक ते जुळवून सलग मजकूर तयार करतो.

आता खरी गंमत पाहा. जिवाणू दुभंगताना या मजकुराची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. दोन उत्तरपत्रिकांत एकाच ओळीत तीच चूक दिसली, तर तुमच्या बाई काय ओळखतात? तसेच हे आहे. रुग्णातील आणि अन्नातील जिवाणूंत मोजक्याच अक्षरांचा फरक असेल, तर ते जवळचे नातलग. फरक हजारो अक्षरांचा असेल, तर त्या अन्नावरचा आळ बराच हलका होतो.

मात्र तपासायला अन्न तर उरले पाहिजे! जीबीएसची लक्षणे बहुधा जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर रस्सा संपलेला आणि भांडी घासलेली असतात. म्हणून यंत्र कितीही हुशार असले, तरी रुग्णाकडे केलेली चौकशी आणि वेळीच घेतलेले नमुने यांना पर्याय नाही. आणि मांस पुरते शिजवणे, पाणी उकळणे, सुरी साबणाने धुणे हे उपाय तर आजच, आपल्याच हातात आहेत.

करून पाहा : पानभर उतारा एकाने घाईघाईने उतरवावा. त्याच्या वहीवरून दोघांनी आणि त्या दोघांच्या वह्यांवरून आणखी चौघांनी तो लिहावा. मग सर्व वह्या मिसळा. केवळ चुकांवरून कोणी कोणाची वही पाहिली, ते तुम्हांला ओळखता येते का?