पोटखराब्यातली वस्ती

सातबाऱ्यावर लागवडीलायक क्षेत्राबरोबर ‘पोटखराबा’ अशीही एक नोंद असते. खडक, नाला यांमुळे जिथे पीक घेता येत नाही, ती ही जमीन. गावाबाहेरच्या मोकळ्या तुकड्यांनाही आपण असेच ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. नंदुरबारच्या कडेला, मिरचीच्या पथारींपलीकडे असा एक तुकडा आहे. पावसाळाभर मी तिथे हिंडलो. तिथली वस्ती समजून घ्यायला रुईच्या एका झुडपापासून सुरुवात केली तरी पुरते.

रुईची पाने आपण शनिवारी मारुतीला वाहतो. गुरे मात्र सहसा त्यांना तोंड लावत नाहीत. पान तोडले की येणाऱ्या पांढऱ्या चिकात हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. तरीही ‘प्लेन टायगर’ या फुलपाखराची पट्टेरी अळी याच पानांवर वाढते. पानाची शीर कुरतडून ती चिकाचा प्रवाह तोडते आणि मग पुढचा भाग खाते. त्यातले काही विष तिच्या अंगात साठते आणि फुलपाखरातही उतरते. एकदा ही कडू चव घेतलेला पक्षी पुढे त्या केशरी पंखांच्या वाटेला सहसा जात नाही.

या धाकाचा फायदा दुसरेच एक फुलपाखरू घेते. ‘डॅनाइड एगफ्लाय’ची अळी घोळीच्या भाजीवर जगते, तिच्यात हे विष नसते. तिचा नर काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. मादी मात्र थेट प्लेन टायगरसारखी केशरी. ओळखण्याची खूण मागच्या पंखावर आहे. अस्सलच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात, नकलेत वरच्या कडेला एकच. पण हे सोंग चालायचे तर पक्ष्याला आधी अस्सल कडू फुलपाखरू भेटलेले असावे लागते. म्हणजे रुई गेली, तर घोळ शाबूत असूनही या मादीचे संरक्षण ढिले पडते.

रुईच्या फुलातले पराग सुटे नसतात, त्यांच्या चिकट जोडपुड्या असतात. त्या पायाला अडकवून नेण्याचे काम मुख्यतः सुतार भुंगा करतो, आणि तो पोकळ किंवा वाळक्या लाकडात घर कोरतो. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा बसतो, त्याच्यामागे ढालकिडे येतात. हेच ढालकिडे शेजारच्या कपाशीवरचा मावाही खातात. मृगाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतून लाल मखमली ‘मृगाचा किडा’ वर येतो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो खरे तर कीटक नव्हे, कोळ्यांचा नातलग. त्याची पिल्ले नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगावर परजीवी म्हणून वाढतात.

कागदावर नोंद नाही म्हणून एखादा जीव नाहीच असे धरून चालणे किती फसवे असते, हे याच जिल्ह्याने दाखवले आहे. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला असावा असे मानले जाई. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. मधली ११३ वर्षे तो जगतच होता. सरडे, उंदीर आणि नाकतोडे ही त्याची शिकार.

आज शहरालगतच्या पडीक तुकड्यांवर प्लॉट पडत आहेत आणि बांधांवर तणनाशक फवारले जात आहे. दोन्हींत पहिला बळी रुई आणि घोळीचा जातो. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. या नोंदवहीत जंगल, देवराई, औषधी वनस्पती यांच्याबरोबर गावाच्या पडीक गटांनाही एक पान हवे. गट क्रमांक, झुडपे, त्यांवर दिसलेल्या अळ्या, किडे, फुलपाखरे आणि दिसल्याची तारीख. हे काम शाळेतली मुलेही करू शकतील. सुरुवात दिवाळीच्या सुटीत करता येईल. तेव्हा रुईला फुले असतात.